बायोसेन्सर: बफरमध्ये चालतो, नमुन्यात का रुसतो?

या वेळच्या पत्रांत विद्यार्थी आहेत, बागायतदार आहेत, एक शिक्षक आहेत आणि साखर कारखान्यातले एक केमिस्टही. प्रश्न निरनिराळे असले तरी बहुतेकांची गाडी एकाच जागी अडली आहे: बायोसेन्सर म्हणजे एन्झाइम, अँटिबॉडी किंवा सूक्ष्मजीवांच्या मदतीने एखादा पदार्थ ओळखून त्याचं करंटात किंवा रंगात रूपांतर करणारं साधन. स्वच्छ बफरमध्ये (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणात) सुरळीत चालणारा असा सेन्सर रक्त, द्राक्षाचा अर्क किंवा सांडपाणी समोर आलं की भलतंच सांगू लागतो. त्यामुळे उत्तरांत सेन्सरइतकाच नमुन्यावर भर आहे. खाली सेन्सरच्या इलेक्ट्रोडला द्यायची म्हणून दिलेली व्होल्टेजं सिल्व्हर–सिल्व्हर क्लोराइड रेफरन्सच्या (स्थिर व्होल्टेजच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत आहेत.

प्रश्न: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी स्क्रीन-प्रिंटेड कार्बन इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज बसवलं. पहिल्या दिवशी करंट छान आला, चौथ्या दिवशी निम्म्यावर. शिवाय सीरम टाकलं की एन्झाइम न लावलेल्या इलेक्ट्रोडवरही करंट दिसतो. +०.६५ व्होल्टला मोजते आहे. (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

हे दोन वेगळे दोष आहेत, एकाच उपायाने जाणार नाहीत.

आधी सीरमचं पाहू. ग्लुकोज ऑक्सिडेज ग्लुकोजचं ग्लुकोनोलॅक्टोन करतं आणि ते करताना ऑक्सिजनचं हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. क्लार्क आणि लायन्स यांनी १९६२ साली एन्झाइम इलेक्ट्रोड सुचवला तेव्हा ऑक्सिजनची घट मोजायची होती, पेरॉक्साइड मोजायची रीत मागाहून रुळली. पेरॉक्साइडचं ऑक्सिडेशन करायला +०.६ ते +०.७ व्होल्ट लागतात. त्या व्होल्टेजला सीरममधलं ॲस्कॉर्बिक ॲसिड, युरिक ॲसिड आणि रुग्णाने घेतलं असेल तर पॅरासिटामॉलसुद्धा इलेक्ट्रॉन सोडतं. एन्झाइमविना दिसणारा करंट या मंडळींचा आहे.

त्यावर चांगला उपाय म्हणजे प्रशियन ब्लू, लोह आणि सायनाइड यांचं निळं रंगद्रव्य. त्याच्यावर पेरॉक्साइडचं क्षपण (इलेक्ट्रॉन घेणं) शून्याच्या आसपास, −०.०५ व्होल्टलाच होतं आणि तिथे वरच्या तिघांपैकी कोणी ढवळाढवळ करत नाही. कृती अशी. इलेक्ट्रोड ०.०५ मोलर फॉस्फेट बफरमध्ये (०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइडसह) +१.७ व्होल्टला ३ मिनिटं ठेवा, म्हणजे शाईतल्या बाइंडरचा थर निघतो. धुऊन वर्किंग इलेक्ट्रोडवर (मोजायची क्रिया होते त्यावर) ५ मायक्रोलिटर ०.१ मोलर पोटॅशियम फेरिसायनाइड आणि त्यावरच ५ मायक्रोलिटर ०.१ मोलर फेरिक क्लोराइड घाला. दोन्ही द्रावणं १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडमध्ये केलेली हवीत. १० मिनिटं अगदी हलकं हलवत ठेवा. थेंब रेफरन्सवर ओघळू देऊ नका, नाहीतर सगळी मेहनत वाया. नंतर १० मिलिमोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडने धुऊन १०० अंश सेल्सिअसला दीड तास ओव्हनमध्ये वाळवा.

आता एन्झाइम. १० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर ग्लुकोज ऑक्सिडेज आणि २० मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन यांचं मिश्रण करा. त्याच्या नऊ भागांत एक भाग २.५ टक्के ग्लुटराल्डिहाइड (प्रथिनं एकमेकांत गुंफणारं रसायन) मिसळून लगेच ३ मायक्रोलिटर थेंब टाका. उशीर केलात तर मिश्रण पिपेटच्या टोकातच जेल होतं. 'घट्ट बसावं' म्हणून ग्लुटराल्डिहाइड वाढवण्याचा मोह टाळा. जादा झालं की थर ठिसूळ होतो आणि एन्झाइमही मरतं. रात्रभर ४ अंशांना ठेवून सकाळी धुवा आणि वर २ मायक्रोलिटर ०.५ टक्के नाफिऑन (ऋणभारित पॉलिमर) द्या. नाफिऑन अल्कोहोलमध्ये विकत मिळतं आणि ते आम्लही असतं. पातळ करायला पाणी घ्या आणि वापरण्यापूर्वी पीएच सातच्या जवळ आणा.

मोजताना बफरमध्ये पोटॅशियम हवंच. प्रशियन ब्लूच्या जाळ्यात पोटॅशियम आयन सहज आत-बाहेर करतो, सोडियमला ते जमत नाही, म्हणून फक्त सोडियम क्षारांच्या बफरमध्ये करंट मलूल पडतो. पीएच ६.५ ते ७ ठेवा. त्यापुढे हायड्रॉक्साइड हे जाळं हळूहळू पोखरतं.

सीरम वीसपट पातळ करून घ्या. कारण फक्त व्यत्यय कमी करणं एवढंच नाही. हवेशी संपृक्त बफरमध्ये २५ अंशांना ऑक्सिजन असतो जेमतेम ०.२५ मिलिमोलर, आणि निरोगी माणसाच्या रक्तात उपाशीपोटी ग्लुकोज ५ मिलिमोलर, म्हणजे डेसिलिटरला ९० मिलिग्रॅम. ऑक्सिजन आधी संपतो आणि आलेख सपाट होतो. पुष्कळ विद्यार्थी या सपाटीला 'एन्झाइम संपृक्त झालं' म्हणतात, वास्तविक ते ऑक्सिजनविना उपाशी राहिलेलं असतं. विकतच्या पट्ट्यांनी ही अडचण ऑक्सिजनऐवजी मेडिएटर (इलेक्ट्रॉन वाहून नेणारा रेणू) वापरून टाळली. फेरोसीन वापरलेला पहिला घरगुती मीटर १९८७ साली बाजारात आला.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवा. ग्लुकोजचं ताजं द्रावण लगेच वापरू नये. कोरडी पावडर बहुधा अल्फा रूपात असते आणि एन्झाइम बीटा रूप ओळखतं. पाण्यात समतोल साधून साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा व्हायला काही तास जातात. स्टॉक आदल्या रात्री करून ठेवा.

आता चौथ्या दिवसाचा प्रश्न. मरतंय कोण हे आधी शोधा. म्हातारा इलेक्ट्रोड घ्या आणि बफरमध्ये ०.१ मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड टाका. पेरॉक्साइडला उत्तर पहिल्या दिवसासारखं आलं आणि ग्लुकोजला आलं नाही, तर एन्झाइम गेलं. दोन्हींना कमी आलं, तर प्रशियन ब्लू झिजलं किंवा पृष्ठभाग माखला. मग ५ मिलिमोलर फेरिसायनाइडमध्ये (०.१ मोलर पोटॅशियम क्लोराइड, सेकंदाला ५० मिलिव्होल्ट) व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज फिरवत घेतलेला करंटचा आलेख) काढा. मात्र हे एन्झाइम आणि नाफिऑनविना केलेल्या जोडीदार इलेक्ट्रोडवर करा, कारण नाफिऑन ऋणभारित फेरिसायनाइडला अडवतं. आदर्श शिखरांतर (दोन शिखरांच्या व्होल्टेजमधला फरक) ५९ मिलिव्होल्ट असतं, छापील कार्बनवर १०० ते १५० चालून जातं, २५०च्या पुढे गेलं तर पृष्ठभाग खराब आहे. आणि दोन्ही शिखरं मिळून एका बाजूला सरकली असतील तर दोष रेफरन्सचा, म्हणजे बफरमध्ये क्लोराइड कमी आहे किंवा चांदीवरचा क्लोराइडचा थर उडालाय.

या चाचणीआधी पेरॉक्साइडचीच तपासणी करा. ३० टक्क्यांची बाटली साधारण ९.८ मोलर असते, पण उघडून महिनोन्महिने झाले की तेवढी राहत नाही. २४० नॅनोमीटरला मोलर शोषणांक ४३.६ आहे, म्हणजे १० मिलिमोलर द्रावणाचं शोषण ०.४३६ यायला हवं. नाही आलं तर तुमची सगळी गणितं त्या प्रमाणात चुकलेली आहेत.

एन्झाइमच मरत असेल तर इलेक्ट्रोड ओले ठेवू नका. थरात १ ते ५ टक्के ट्रेहॅलोज ही साखर मिसळून वाळवा आणि सिलिका जेलच्या पुडीसह बंद पाकिटात ४ अंशांना ठेवा. बफरमध्ये बुडवून फ्रिजमध्ये ठेवणं ही सर्वांत वाईट पद्धत. एन्झाइम पाझरतं आणि जंतूही वाढतात.

प्रश्न: अर्डुइनो उनो हा छोटा प्रोग्राम करता येणारा बोर्ड वापरून पोटेन्शिओस्टॅट (इलेक्ट्रोडला ठरावीक व्होल्टेज देऊन करंट मोजणारं सर्किट) केला आहे. रीडिंग सतत नाचतं, हात जवळ नेला तरी बदलतं. ऑप-अँप (सिग्नल वाढवणारी चिप) एलएम३५८ आहे. (इलेक्ट्रॉनिक्स, अंतिम वर्ष, नाशिक)

द्रावण आणि इलेक्ट्रोडची सेल काढून ठेवा. रेफरन्स आणि काउंटर (करंटची वाट पूर्ण करणारा इलेक्ट्रोड) यांच्या तारा एकत्र जोडा आणि त्यांच्यापासून वर्किंगपर्यंत १ मेगाओहमचा रोध लावा. ०.५ व्होल्ट दिलेत की ०.५ मायक्रोअँपिअर यायलाच हवा. इथेही आकडा नाचत असेल तर दोष सर्किटचा. इथे स्थिर असेल तर सेलचा: बुडबुडा, सैल क्रोकोडाइल क्लिप, वाळलेला रेफरन्स.

एलएम३५८ इथे चालणार नाही. त्याचा इनपुट बायस करंट (चिपच्या स्वतःच्या पिनमधून वाहणारा) काही दहा नॅनोअँपिअरच्या घरात आहे आणि तुम्ही मोजताय तेवढेच. एलएमसी६४८२ सारखा सीमॉस इनपुटचा घ्या. त्याचा बायस फेम्टोअँपिअरमध्ये येतो. फीडबॅकला १ मेगाओहम आणि त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर लावा. वेळ-स्थिरांक ०.१ सेकंद होतो, तो ५० हर्ट्झची भुणभुण बऱ्यापैकी खातो. मोजमाप २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढून घ्या, म्हणजे उरलेली मेन्सची लाट स्वतःलाच छेदते.

उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटांचा आहे. ५ व्होल्ट भागिले १०२४ म्हणजे एक पायरी ४.९ मिलिव्होल्ट, तुमच्या रोधावर ४.९ नॅनोअँपिअर. एडीएस१११५ हा वेगळा एडीसी लावला तर ±४.०९६ व्होल्टच्या पल्ल्यात पायरी ०.१२५ मिलिव्होल्टची होते. प्रशियन ब्लूला उणे व्होल्टेज आणि क्षपणाचा उलटा करंट लागतो, तेव्हा शून्य २.५ व्होल्टवर उचललेला आभासी ग्राउंड हवा. नाहीतर अर्धा आलेख शून्याखाली कापला जाईल आणि सेन्सर मेला असं वाटेल.

लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. सोल्डरिंगचं फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने घासून काढा. पावसाळ्यात फ्लक्सवर बसलेला ओलावा इनपुट पिनला शेजारच्या पिनशी मेगाओहमांनी जोडतो. आणि सेल बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा ग्राउंडला जोडा. हात जवळ नेल्यावर होणारा बदल तेवढ्याने जातो.

प्रश्न: आईचा ग्लुकोमीटर १७८ दाखवतो, लॅबमध्ये १५२ आली. पट्ट्या नव्या आहेत. मीटर बदलू का? हाताला चिकटवायचा सेन्सर घेतला तर बरा का? (पुणे)

आयएसओ १५१९७:२०१३ या मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला ९५ टक्के रीडिंग ±१५ टक्क्यांत आणि १०० खाली ±१५ मिलिग्रॅममध्ये असायला हवीत. १५२ ला १२९ ते १७५ चालेल. तुमचं त्याच्या जरा बाहेर आहे, तेव्हा मीटरवर खापर फोडण्याआधी तीन-चार गोष्टी तपासा.

दोन्ही रक्तं एकाच वेळची होती का? जेवणानंतर बोटातल्या केशवाहिन्यांतली साखर शिरेतल्या रक्तापेक्षा बरीच जास्त असते. उपाशीपोटी फरक नगण्य. तुलना उपाशीपोटीच करावी, आणि पाच मिनिटांच्या आत. लॅबचा आकडाही देववाणी नाही. फ्लोराइड नसलेल्या नळीत रक्तपेशी तासाला ५ ते ७ टक्के साखर खातात. घरून रक्त नेऊन दोन तासांनी तपासलं असेल तर लॅबचंच कमी आलेलं असू शकतं.

आईचं हिमोग्लोबिन किती आहे? आपल्याकडे हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. लाल पेशी कमी असल्या की पट्टीत प्लाझ्मा जास्त मिळतो आणि रीडिंग वर जातं. हिमोग्लोबिन ८ असलेल्या बाईचा मीटर सातत्याने जास्त दाखवत असेल तर बहुधा कारण हेच. पट्टीच्या पाकिटातल्या कागदावर हिमॅटोक्रिटचा (रक्तातल्या लाल पेशींच्या प्रमाणाचा) पल्ला छापलेला असतो, तो वाचा.

बाकीच्या किरकोळ गोष्टी: आंबा किंवा चिकू कापलेलं बोट साबणाने न धुता टोचलं की दोनशेच्या वर सहज जातं. सॅनिटायझरने फळाची साखर जात नाही. बोट पिळू नका. पट्ट्या मूळ डबीतून काढून दुसऱ्या डबीत ठेवू नका, झाकणात ओलावा शोषणारं द्रव्य असतं.

पेरिटोनियल डायलिसिसवर कोणी असेल आणि द्रावणात आयकोडेक्स्ट्रिन असेल, तर पीक्यूक्यू प्रकारच्या ग्लुकोज डिहायड्रोजनेज पट्ट्या वापरू नयेत. आयकोडेक्स्ट्रिनपासून शरीरात माल्टोज तयार होतं, आणि या पट्ट्यांना माल्टोज आणि ग्लुकोज वेगळं ओळखता येत नाही. खोटी जास्त साखर पाहून इन्सुलिन दिलं गेल्याने मृत्यू झाल्यावर अमेरिकेच्या एफडीएने २००९ मध्ये सावधगिरीची सूचना काढली होती.

चिकटवायचा सेन्सर त्वचेखालच्या ऊतींमधल्या द्रवात मोजतो. साखर वेगाने चढ-उतार करत असताना तो रक्तापेक्षा पाच-दहा मिनिटं मागे असतो. रात्री त्या दंडावर झोपल्यास दाबाने खोटी कमी साखर दाखवतो. लक्षणं आणि आकडा जुळत नसतील तर बोटाचं रक्त बघायचंच. इन्सुलिन घेणाऱ्यांना रात्रीच्या हायपोसाठी (साखर फार खाली जाण्यासाठी) हा सेन्सर फार उपयोगी. नुसत्या गोळ्यांवर असलेल्या आईंना तो हवा का, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा. घाम-अश्रूंवर चालणाऱ्या उपकरणांच्या जाहिरातींना मात्र भुलू नका. अश्रूंतली साखर मोजणाऱ्या कॉन्टॅक्ट लेन्सचा गूगलच्या व्हेरिलीचा प्रकल्प २०१८ मध्ये थांबवावा लागला, कारण अश्रूंतली आणि रक्तातली साखर यांचा मेळ खात्रीने बसेना.

प्रश्न: द्राक्ष निर्यातीआधी बागेतच रेसिड्यू (कीटकनाशकांचे उरलेले अंश) तपासायला एन्झाइमची पट्टी मिळते म्हणतात. प्रयोगशाळेचा खर्च वाचेल का? (बागायतदार, निफाड)

नाही वाचणार, आणि का ते नीट समजून घ्या. या पट्टीत ॲसिटिलकोलिनएस्टरेज एन्झाइम असतं. ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशकं त्याला बंद पाडतात आणि जेवढं बंद पडलं तेवढा पिवळा किंवा निळा रंग कमी येतो. म्हणजे पट्टीला फक्त या दोन गटांची नोंद होते. इमिडाक्लोप्रिड, सायपरमेथ्रिन, डायमेथोमॉर्फ, कार्बेन्डॅझिम यांचं तिला काहीही कळत नाही. २०१० साली युरोपात भारतीय द्राक्षं अडली ती क्लोरमेक्वाटच्या अंशांमुळे. ते वाढनियंत्रक. ही पट्टी तेव्हाही गप्पच बसली असती.

शिवाय गटाच्या आतही भेदभाव आहे. क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट, मॅलाथिऑन यांच्यात फॉस्फरसला गंधक जोडलेला असतो. त्या रूपात ते एन्झाइमला फारसे छळत नाहीत, शरीरात गेल्यावर गंधकाच्या जागी ऑक्सिजन येतो तेव्हा विषारी होतात. पट्टीवर टाकण्याआधी ब्रोमीन पाणी किंवा एन-ब्रोमोसक्सिनिमाइडने हा बदल करून घ्यावा लागतो आणि उरलेलं ब्रोमीन निष्क्रिय करावं लागतं, नाहीतर तेच एन्झाइमला मारतं. बागेत उभं राहून हे कोणी करत नाही. मोनोक्रोटोफॉसमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, ते सरळ सापडतं.

मग खोट्या 'पॉझिटिव्ह'चा प्रश्न. द्राक्षाच्या सालीतली पॉलिफेनॉलं आणि बोर्डो मिश्रणातलं तांबं दोन्ही या रासायनिक क्रियेत अडथळा आणतात. चीनमध्ये भाजीबाजारांत ही पद्धत बरीच वापरली जाते आणि तिथल्या मानकातच इशारा आहे की कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, अळंबी, टोमॅटोचा रस हे विष नसतानाही रंग कमी करतात. अशा भाज्या चिरायच्या नाहीत, अख्ख्याच बफरमध्ये हलवून धुवायच्या आणि ते पाणी तपासायचं. तेच द्राक्षाला लागू: मणी न फोडता, देठासकट.

युरोपात ज्या रसायनाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोला ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. त्या पातळीवर शेकडो रसायनं एकाच वेळी नावानिशी शोधायची तर द्रव क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्रीच लागते. ग्रेपनेटवर (निर्यातीच्या द्राक्षबागांच्या नोंदणी यंत्रणेत) नोंद झालेल्या बागेसाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला पर्याय नाही.

तरीही पट्टी वापरायचीच असेल तर स्थानिक बाजारात माल पाठवण्याआधी, ऑर्गनोफॉस्फेट फवारलेल्या प्लॉटचा काढणीपूर्व कालावधी पाळला गेला का हे चाचपायला ठीक आहे. नमुना आणि एन्झाइम एकत्र किमान १० मिनिटं ठेवा, मगच रंगाचा थेंब घाला. ही रोधनक्रिया (एन्झाइम बंद पडणं) वेळेवर आणि तापमानावर अवलंबून असते. जानेवारीच्या सकाळी १२ अंशांत आणि दुपारी ३० अंशांत केलेल्या चाचण्यांची तुलना होत नाही. दर वेळी शेजारी स्वच्छ पाण्याची एक पट्टी हवीच. रोधन टक्के म्हणजे पाण्याच्या पट्टीचा रंग वजा नमुन्याचा रंग, भागिले पाण्याच्या पट्टीचा रंग, गुणिले शंभर.

आमच्या मते याच एन्झाइमचा खरा उपयोग फवारणी करणाऱ्या माणसाच्या रक्तात आहे. २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर मेले, त्यानंतरही हंगामाआधी कोलिनएस्टरेज तपासण्याची सवय आपल्याकडे रुजलेली नाही. माणसामाणसांत या एन्झाइमची पातळी इतकी वेगळी असते की हंगामात एकदाच मोजून काही कळत नाही. फवारणी सुरू होण्याआधीची पातळी नोंदलेली हवी. कॅलिफोर्नियात नियमच आहे: स्वतःच्या मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेली की कामाच्या पद्धतीची तपासणी, लाल पेशींतलं एन्झाइम ७० किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर आलं की त्या माणसाला फवारणीवरून काढायचं.

प्रश्न: गावच्या विहिरीच्या पाण्यात जंतू आहेत का ते लगेच सांगणारा सेन्सर शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी करता येईल का? (शिक्षक, संगमेश्वर)

'लगेच' हा शब्द सोडलात तर येईल. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० म्हणतं की १०० मिलिलिटर पाण्यात एकही ई. कोलाय सापडता कामा नये. सेन्सरवर टाकतो आपण १० मायक्रोलिटर, म्हणजे त्याचा दहा हजारावा भाग. शंभर मिलिलिटरमध्ये दहा जंतू असले तरी त्या थेंबात एखादा येण्याची शक्यता हजारात एक. 'दहा मिनिटांत ई. कोलाय' असं सांगणारी बहुतेक संशोधनं मिलिलिटरला शंभर-हजार जंतू मिसळलेल्या पाण्यावर केलेली असतात. शिवाय अँटिबॉडीला मेलेला आणि जिवंत जंतू सारखाच दिसतो. टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकून मारलेल्या जंतूंवरही सेन्सर ओरडेल.

म्हणून आधी जंतू वाढवावे लागतात. शाळेत जमण्यासारखी चाचणी हायड्रोजन सल्फाइडच्या बाटलीची. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी ती सुचवली. निर्जंतुक बाटलीत माध्यमाची वाळवलेली पट्टी असते, त्यात २० मिलिलिटर पाणी भरून ३० ते ३७ अंशांना २४ ते ४८ तास ठेवायचं. काळं पडलं तर विष्ठेशी संबंधित जंतूंची शंका. पाणी भरताक्षणी काळं झालं तर तो जमिनीतला सल्फाइड, जंतू नव्हे. अधिक नेमकं हवं असेल तर दोन एन्झाइमांवरची चाचणी घ्या: कोलिफॉर्म असेल तर पिवळा रंग, ई. कोलाय असेल तर ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली निळी चमक. तिला १८ ते २४ तास लागतात. इन्क्युबेटर म्हणून थर्मोकोलचं खोकं, १५ वॉटचा बल्ब आणि थर्मोस्टॅट पुरतं. प्रदर्शनात मुलांना इलेक्ट्रॉनिक्स दाखवायचंच असेल तर तो रंग फोटोडायोडने मोजून वेळेचा आलेख काढू द्या. जास्त जंतू असले की रंग लवकर येतो, हे छान दिसतं.

नमुना घेताना बहुतेक जण इथेच चुकतात: क्लोरीन असलेल्या पाण्यात जंतू बाटलीतच मरतात आणि निकाल खोटा चांगला येतो. १२० मिलिलिटरच्या बाटलीत आधी ०.१ मिलिलिटर ३ टक्के सोडियम थायोसल्फेट घाला. त्याने लिटरला ५ मिलिग्रॅमपर्यंतचा क्लोरीन मावळतो. वापरलेल्या बाटल्यांत आता कोट्यवधी जंतू आहेत, तेव्हा ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवल्याशिवाय सांडू नका, आणि ते काम मुलांना देऊ नका.

रोजच्या सुरक्षेसाठी मात्र जंतू मोजण्यापेक्षा नळाच्या शेवटच्या टोकाला उरलेला क्लोरीन मोजणं जास्त कामाचं. तो लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडे ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्ट असते. शाळेसाठी क्लोरीन तपासायच्या डीपीडीच्या गोळ्या घ्या, ऑर्थोटोलिडीन मुलांच्या हातात नको.

प्रश्न: बीओडीसाठी (सांडपाण्यातली घाण पचवायला सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) तीन दिवस थांबावं लागतं. सूक्ष्मजीवांचा बीओडी सेन्सर साखर कारखान्याच्या ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेवर) चालेल का? (केमिस्ट, सोलापूर जिल्हा)

चालेल, पण अहवालासाठी नाही, एअरेशन सांभाळायला. आपल्याकडे २७ अंशांना ३ दिवसांचा बीओडी नियमात आहे आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला तोच द्यायचा.

सेन्सरची रचना जुनी आणि विश्वासू आहे. जपानमध्ये कारुबे यांच्या गटाने १९७७ मध्ये सुरुवात केली, नंतर ट्रायकोस्पोरॉन क्युटेनियम हे यीस्ट वापरणारी पद्धत तिथल्या औद्योगिक मानकात १९९० साली गेली. ऑक्सिजन इलेक्ट्रोडच्या टेफ्लॉन पडद्यावर यीस्टचा थर अडकवलेला असतो. हवा भरलेलं बफर वाहत असताना करंट स्थिर असतो. नमुना आला की यीस्ट ऑक्सिजन खाऊ लागतं आणि १५-२० मिनिटांत करंट नव्या, खालच्या पातळीवर बसतो. ही घट म्हणजे तुमचा बीओडी. २७ अंशांना हवेशी संपृक्त पाण्यात ऑक्सिजन लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपासच असतो, म्हणून नमुना एवढा पातळ करा की घट निम्म्याच्या पुढे जाणार नाही. कॅलिब्रेशन लिटरला १५० मिलिग्रॅम ग्लुकोज आणि तितकंच ग्लुटामिक ॲसिड असलेल्या प्रमाण द्रावणाने.

मिलच्या पाण्यात मुख्यतः सुक्रोज असतो, यीस्टला तो लगेच पचतो, त्यामुळे सेन्सर आणि बाटलीचा बीओडी बरा जुळतो. डिस्टिलरीचं स्पेंट वॉश त्यात मिसळत असेल तर जुळणार नाही. त्यातलं मेलॅनॉइडिन हे तपकिरी रंगद्रव्य वीस मिनिटांत कोणी खात नाही आणि क्षारांनी यीस्टही दबतं. सगळ्यात जास्त घात होतो तो सफाईच्या दिवशी, कारण इव्हॅपोरेटरच्या धुलाईचा कॉस्टिक आणि ब्लीच सरळ यीस्ट मारतो. मग करंट वर राहतो आणि बीओडी शून्य दिसतो. म्हणून दर चार तासांनी प्रमाण द्रावण सोडा. त्याचं उत्तर २० टक्क्यांनी घसरलं की थर बदला. पीएच ७ करणारी डोसिंगची सोय आणि मिलच्या बगॅसचे कण अडवणारी जाळी सेन्सरच्या आधी लावा, नाहीतर नळी तिसऱ्याच दिवशी तुंबते.

सेन्सरच्या आकड्याचं तीन दिवसांच्या बीओडीशी नातं गळीत हंगामाच्या सुरुवातीला, मध्यावर आणि शेवटी वेगवेगळं काढावं लागेल. प्रत्येक टप्प्यावर किमान दहा-बारा नमुने दोन्ही पद्धतींनी समांतर तपासा.

प्रश्न: अँटिबॉडी महाग पडते. त्याऐवजी ॲप्टामर (ठरावीक लक्ष्याला चिकटणारा डीएनएचा छोटा तुकडा) वापरू का? (पीएचडी, मुंबई)

लक्ष्य लहान रेणू असेल तर वापरा. ज्या बफरमध्ये तो निवडला गेला त्याच बफरमध्ये, त्याच मॅग्नेशियमसह वापरा, बदललात तर घडी बदलते. ९५ अंशांना ५ मिनिटं तापवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग सोन्यावर बसवा आणि मोकळ्या जागा १ मिलिमोलर मर्कॅप्टोहेक्सॅनॉलने तासभर भरा. ही पायरी गाळली तर डीएनए सोन्यावर आडवा पडतो. सीरममध्ये न्यूक्लिएज त्याला खातात. निवडलेल्या ॲप्टामरइतकाच लांब, पण क्रम विस्कटलेला डीएनए लावलेला इलेक्ट्रोड शेजारी नसेल तर तुमचा सिग्नल कुठलाही परीक्षक मान्य करणार नाही.

प्रश्न: रिपोर्टमध्ये शोध-मर्यादा (सेन्सरला ओळखता येणारं कमीत कमी प्रमाण) किती इलेक्ट्रोडवरून काढावी? (विद्यार्थी, औरंगाबाद)

३.३ गुणिले रिकाम्या नमुन्याचं प्रमाण विचलन, भागिले कॅलिब्रेशनचा उतार. विचलन एकाच इलेक्ट्रोडवर दहा वेळा मोजून काढलं तर ते खोटं लहान येतं, कारण त्यात फक्त उपकरणाचा गोंगाट धरला जातो. वेगवेगळ्या दिवशी केलेले किमान सहा इलेक्ट्रोड घ्या आणि रिकामा नमुना म्हणून बफर नको, लक्ष्य नसलेला खराच नमुना घ्या: कीटकनाशकासाठी न फवारलेल्या झाडाची द्राक्षं, ग्लुकोजसाठी ग्लुकोज काढून टाकलेलं सीरम. त्यात ज्ञात प्रमाण मिसळून किती परत मिळालं तेही द्या, ८० ते १२० टक्के चालतं. आणि रक्तातली साखर ५ मिलिमोलर असताना शोध-मर्यादा नॅनोमोलरमध्ये आहे हे ठळक अक्षरांत लिहू नका. त्याऐवजी २ ते २५ मिलिमोलरमध्ये उतार सरळ राहतो का, ते दाखवा.